साडूच्या नाकासमोरचा दवाखाना

साडू या नात्याचा शोध ज्याने लावला त्याला स्वतःला साडू नसावा. आपण एका घरी मुलगी बघायला जातो, पसंत करतो, आणि मग कळतं की त्या घरात आपल्याआधी एक जावई येऊन बसलेला आहे. पुढे जन्मभर प्रत्येक लग्नात, बारशात आणि तेराव्याला त्याच्या शेजारच्या पानावर बसून जेवायचं. माझे हे थोरले साडू दातांचे डॉक्टर आहेत. दादरला भर बाजारात, पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. सासरी सगळे त्यांना 'डॉक्टर' म्हणतात. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, तीही 'डॉक्टर'च म्हणते. सासूबाई तर "डॉक्टर जेवले का?" असं विचारून मग उरलेल्यांकडे बघतात. उरलेल्यांत मी.

माझं परळला मेडिकल आहे. हॉस्पिटलांच्या गल्लीत आहे, म्हणून चालतं बरं. डी. फार्म. केलं, बरीच वर्षं दुसऱ्यांच्या काउंटरमागे उभा राहिलो आणि मग स्वतःचं टाकलं. उद्घाटनाची फीत डॉक्टरांच्या हस्ते कापायची, ही कल्पना माझ्या सासऱ्यांची. डॉक्टरांनी फीत कापली, पेढा खाल्ला आणि जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचं काम लिहायचं, यांचं काम वाचायचं. अक्षर लागलं की झालं!" लोक हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची आठवण झाली की अजून तोंड कडू होतं. बायको म्हणते, एवढ्या वर्षांत ते स्वतः विसरलेही असतील. असतीलच. लक्षात ठेवायचं काम वाटणीत माझ्याकडे आलंय, आणि ते मी मन लावून करतो.

तर आमच्या मुलीचा नीटचा निकाल लागला. मार्क असे पडले की एमबीबीएसच्या दारात उभं राहून आत डोकावता येईल, पण आत कोणी घेणार नाही. राहिले दोन रस्ते, डेंटल आणि फिजिओथेरपी. पोरीला त्यातलं काय हवंय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती शाळेपासून कबड्डी खेळायची. एका सामन्यात चढाईला गेली, पाय पकडला गेला, ही एका बाजूला पडली आणि गुडघा दुसऱ्या बाजूला. लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. ज्याने ऑपरेशन केलं त्या सर्जनचा चेहराही तिला आज आठवत नाही. आठवते ती नंतर कित्येक महिने तिला रडवून, तिच्या शिव्या खाऊन गुडघा वाकवायला लावणारी फिजिओ. कठड्याला हात न लावता ती पहिल्यांदा आमचा जिना उतरली, त्या दिवशी खाली पोचताच म्हणाली, "मी हेच करणार."

तेव्हापासून आमच्या लालबागच्या घरात कोणाला धड बसता येत नाही. "बाबा, खांदे." "आई, कमरेतून वाकू नको, गुडघ्यात बस." कुरिअर घेऊन येणाऱ्यालाही तिने दारातच थांबवून सांगितलं, की बॅग एकाच खांद्यावर घेऊ नका, पाठ तिरकी होते. तो बिचारा पुढच्या वेळी सही न घेताच पळाला.

मला तिच्या फिजिओला काही हरकत नव्हती. हरकत उपटायला डॉक्टरांचा फोन यावा लागला.

मी दुकानात होतो. समोर गिऱ्हाईक, कानाला फोन.

"अभिनंदन, साडूभाऊ! मग काय, डेंटल का?"

"दोन्हीकडे भरतोय. बघू काय लागतं ते."

"डेंटलच्या भानगडीत नका पडू हो. हातात कसब लागतं त्याला, आणि डोकं पण. तुमच्या घरात तो पिंड नाही. फिजिओला घाला तिला. शेवटी मालिशच ते, पण हल्ली बरं म्हणतात. नावाआधी डॉक्टर लावायचं की नाही यावर त्यांची भांडणं चालूच असतात, पण तुम्हाला कुठे त्याची सवय आहे?"

आणि हसले. तेच हसणं, पेढा खाल्ल्यानंतरचं.

मी फोन ठेवला. गिऱ्हाइकाने सर्दीची गोळी मागितली होती, मी त्याला बँडेजची गुंडाळी दिली. त्याच मिनिटाला, त्याच काउंटरवर, माझी मुलगी डेंटिस्ट झाली.

साधीसुधी डेंटिस्ट नाही. डॉक्टरांच्या समोरच्या इमारतीत, पहिल्याच मजल्यावर, त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोर आमची खिडकी. आमची पाटी त्यांच्या पाटीहून मोठी आणि संध्याकाळी पेटणारी. त्यांचा जिना अंधारा आहे, आमच्या जिन्यात ट्यूबलाइट. म्हाताऱ्या बायका त्यांच्याकडे म्हणून निघणार आणि उजेड बघून आमच्याकडे चढणार. फीत त्यांच्याच हस्ते कापायची. मी भाषणात काय बोलणार ते औषधांच्या खोक्यांवर खडूने खुणा करता करता पाठसुद्धा करून टाकलं होतं. मुलीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

रात्री जेवताना मी विषय काढला. "दातांना मरण नाही. जोपर्यंत लोक चिकी खातायत तोपर्यंत डेंटिस्ट उपाशी राहत नाही."

"मला लोकांच्या तोंडात नाही बघायचं, बाबा."

"सवय होते. स्वच्छ काम आहे, एसीत बसून."

"तुम्ही रात्री दात घासत नाही. दिवसभर तुमच्यासारखेच येणार ना?"

बायकोने भाकरी तोडता तोडता माझ्याकडे पाहिलं. "कालपर्यंत तुम्हीच म्हणत होता, हिला माणसं उभी करायला आवडतं ते बरं. एका दिवसात काय झालं?"

"डॉक्टरांचा फोन आलेला," मी म्हणालो. "ते म्हणतात फिजिओ कर."

"मग चांगलं म्हणाले की!"

मालिश हा शब्द मी गिळला. तो घरी सांगितला असता तर मुलीने एक तर रडायचं किंवा हसायचं, आणि दोन्हींत माझं नुकसान होतं. मला तो तसाच तापलेला ठेवायचा होता.

पुढे नशिबाने माझी मजाच बघायची ठरवली. दोन्हीकडे नंबर लागला. डेंटलही मुंबईतच, फिजिओही मुंबईतच, तेही आमच्या परळला. आता नियम असा, की दहावी-बारावीचे दाखले आणि बाकीचे मूळ कागद एकाच कॉलेजात जमा करायचे. ओरिजिनल्स दिली की तिथली कडी लागली. दुसरीकडची सीट दुसऱ्या कोणाची तरी. शेवटची तारीख शुक्रवार. मी सगळे कागद एका फाइलीत घातले आणि ती फाइल दुकानातल्या कपाटात, इन्सुलिनच्या फ्रिजशेजारी, किल्ली लावून ठेवली. "सुरक्षित राहील," असं घरी सांगितलं. मुलीने फक्त माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून मला "बाबा, खांदे" म्हणायची बंद झाली. घरात कसंही बसा, कोणी काही बोलत नव्हतं. ते फारच वाईट होतं.

तरी मी हटलो नाही. बुधवारी दुपारी दुकान बायकोच्या भावावर टाकलं आणि दादरला गेलो. डॉक्टरांच्या समोरच्या इमारतीत खरोखरच एक खोली रिकामी होती. खाली साड्यांचं दुकान. एक एजंट गाठला. मुलीला डेंटिस्ट व्हायला पाच वर्षं होती आणि ॲडमिशन अजून झाली नव्हती, हे त्याला सांगायची गरज मला वाटली नाही.

"काय काम करणार इकडे, साहेब?"

"क्लिनिक."

"एकदम फिट! समोर पण दातवाला डॉक्टरच आहे. लाइन चालू आहे, साहेब, पब्लिकला सवय आहे. थांबा, चावी घेऊन येतो वरून."

तो गेला आणि मी फुटपाथवर उभा राहून डॉक्टरांच्या खिडकीकडे बघत राहिलो. कुठे आपली पाटी लागेल, केवढी लागेल. तेवढ्यात त्याच खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"अहो साडूभाऊ! तिथे काय उभे? वर या की!"

माझ्या जागी शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, इथून जात होतो. माझ्या तोंडून निघालं, "दाढ... दाढ दुखतेय."

माझी कुठलीही दाढ दुखत नव्हती.

वर गेलो. खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्यावर दिवा सोडला. "कुठली?"

"खालची. डावी."

आरसा घालून बघितलं, हूकाने टोचलं, ठोकलं. मी योग्य वाटेल तिथे कळवळलो. "साडूभाऊ, खालच्या डाव्या दाढेला काही झालेलं नाही. वरची उजवी मात्र पार किडलीय. ती कशी दुखली नाही?" असं म्हणून त्यांनी सुई टोचली. मी नको म्हणेपर्यंत माझा अर्धा चेहरा माझा राहिला नव्हता.

ज्या माणसाला आपण इतकी वर्षं उत्तर द्यायचं ठरवतोय, त्याच्यासमोर तोंड सताड उघडं ठेवून, आत कापूस आणि पाण्याची नळी घेऊन आडवं पडणं काय असतं ते मी सांगू शकत नाही. त्या वेळी तर अजिबातच सांगू शकत नव्हतो. डॉक्टरांनी मशीन सुरू केलं आणि तोंडही.

"पोरीचं काय मग? शुक्रवार शेवटचा ना? आमची ही सांगत होती, तुम्ही डेंटलचा हट्ट धरलाय म्हणून."

"आं—"

"हलू नका. अहो, तुमची हौस कळते मला. पण तुमच्या हौसेपायी पोरीला कशाला जुंपता? तिला नाही करायचं, तर नाही करायचं. हे काम बघताय ना? दिवसभर वाकून, दुसऱ्याच्या वासात. आवड असेल तर ठीक, नाहीतर जन्मठेप."

यात सगळ्यात वाईट काय होतं सांगू? ते बरोबर बोलत होते. शत्रू चुकीचं बोलला तर बरं वाटतं. बरोबर बोलला की कुठे जावं कळत नाही.

एवढ्यात खिडकीतून मला समोरची इमारत दिसली. रिकाम्या खोलीची खिडकी उघडली आणि तिच्यात माझा एजंट उगवला. त्याने मला खुर्चीत ओळखलं आणि दोन्ही हात हलवत ओरडला, "साहेब! इथून सगळं क्लिअर दिसतं!"

डॉक्टर वळले. म्हणजे कसे, तर मान जागची हलली नाही. कमरेपासून अख्खे वळले, मखरातली मूर्ती उचलून फिरवावी तसे. "कोण हो तो? कोणाला हात करतोय?"

"आं-आं," मी म्हणालो.

"ती खोली कोणी वेडाच घेईल. छत गळतं तिचं." असं म्हणून ते पुन्हा माझ्या दाढेत शिरले. सिमेंट भरलं. पैसे घेतले नाहीत. "साडूकडून घेतात का?" म्हणाले. जिन्यापर्यंत सोडायला आले, आणि मी त्यांना धन्यवादही अर्ध्या तोंडाने दिले.

घरी आलो तो तसाच, उजवा ओठ लोंबकळत. मायलेकींना सगळं सांगितलं. एजंटचंसुद्धा, कारण बायकोने विचारलं की मुळात तिथे गेलाच कशाला. ती भिंतीला टेकून हसायला लागली. मुलगी हसली नाही. मी डॉक्टर कसे वळतात त्याची नक्कल करून दाखवली, शत्रूच्या गोटातून तेवढी तरी लूट आणावी म्हणून. तर ती म्हणाली, "परत करा." मी परत केली. "मान आखडलीय त्यांची. हाताला मुंग्या येतात का काकांच्या?"

"मला काय माहीत! मी मुंग्या मोजायला गेलो होतो का?"

"मग कशाला गेला होता?" ती माझ्यासमोर येऊन बसली, पाठ ताठ, तिच्या त्या पद्धतीने. "बाबा, खरं सांगा. मी डेंटिस्ट व्हायला पाहिजे की काकांची जिरायला पाहिजे?"

भूल अजून पुरती उतरली नव्हती. थाप मारायला संपूर्ण तोंड लागतं.

"जिरायला पाहिजे," मी म्हणालो.

"मग ती तुम्ही जिरवा ना! त्याच्यासाठी माझी पाच वर्षं कशाला?"

बायको हसायची थांबली. माझ्या डोळ्यासमोर ती जिना उतरून खाली पोचलेली आली, आणि पुढे पाच वर्षं दिव्याखाली वाकून एका गळक्या खोलीची वाट बघणारीही आली. किल्ल्यांचा जुडगा काढून मी तिच्या हातावर ठेवला. ती रडेल असं वाटलं होतं. "खांदे," ती म्हणाली.

गुरुवारी आम्ही दोघं लालबागहून चालतच परळला गेलो. दुकानातून फाइल काढली, कॉलेजच्या खिडकीत ओरिजिनल्स दिली, शिक्का बसला. तिने पावती तीनदा वाचली. मी मनातल्या मनात ट्यूबलाइटवाला जिना पाडून टाकला, पाटी उतरवली. पण जिरवायचं काम माझ्याकडे आलं होतं हे मी विसरलो नव्हतो. उलट आता ते अधिकृत झालं होतं.

गणपतीत संधी आली. आमच्याकडे गौरीला तिखटाचं जेवण असतं, कोंबडी-वडे. शेजारी गणपती बसलेला, त्याला हे चालत नाही, म्हणून नैवेद्य दाखवताना आणि पंगत उठेपर्यंत आम्ही बाप्पासमोर पडदा ओढतो. मला तो पडदा त्या दिवशी फार सोयीचा वाटला. काही गोष्टी बाप्पाने न बघितलेल्याच बऱ्या.

डॉक्टर सहकुटुंब आले. सासूबाई होत्याच. पहिला वडा मोडायच्या आत डॉक्टरांनी सुरुवात केली. "मग? फिजिओ! मीच सांगितलं होतं यांना. हे बसले होते डेंटल धरून. मी म्हटलं, पोरीचा कल बघा."

"डॉक्टरांना कळतं हो सगळं," सासूबाई म्हणाल्या.

मी वाटीतला रस्सा खाली ठेवला. तोंड आता पूर्ण माझं होतं. "खरं आहे. फोन करून सांगितलं होतं डॉक्टरांनी. पण काय शब्दांत सांगितलं ते फार छान होतं. सांगा ना, डॉक्टर. पोरीला पण ऐकू दे."

"आता शब्द कुठले लक्षात राहतात!"

"माझ्या लक्षात आहेत. पण तुमच्या तोंडून बरं वाटेल."

पंगत थांबली. मुलीने हातातलं पातेलं तसंच धरलेलं. माझी मेव्हणी नवऱ्याकडे बघून म्हणाली, "सांगा मग. एवढं काय लपवायचं?"

"अहो, गमतीत... म्हणजे मी म्हटलं, की शेवटी... मालिशच ते. पण पुढे चांगलंच म्हटलं होतं!"

मी मुलीकडे बघायचं धाडस केलं नाही, डॉक्टरांकडे मात्र डोळे भरून बघितलं. एवढ्यात मेव्हणीने वडा ताटात टाकला.

"मालिश? आणि तुम्ही स्वतः चार महिने माटुंग्याला कोणाकडे जाताय? मानेला पट्टा लावून? रविवारी सकाळी ती पोरगी सांगते तसे भिंतीला पाठ लावून उभे असता ते काय, दृष्ट काढायला?"

"अगं, ते इथे—"

"इथेच! मला म्हणाले, कोणाला सांगू नको, डेंटिस्टची मान गेली म्हटलं तर पेशंट येणार नाहीत. रात्री रडत होते, आई." हे सासूबाईंना. "हातात आरसा धरवत नव्हता. त्या पोरीने उभं केलं यांना, आणि हे तिला मालिश म्हणतात!"

आधी माझी बायको हसली, मग सासूबाई, मग सगळेच. डॉक्टर लाल झाले. त्यांना मान खाली घालायची होती, ती जाईना. इतक्या वर्षांत इतकं गोड जेवण मी जेवलो नव्हतो. मला थोडं तरी वाईट वाटलं असं लिहिलं तर हे लिखाण जरा थोर होईल, पण नाही वाटलं. मी आणखी दोन वडे मागितले.

माझ्या सुडाचं आयुष्य दोन वड्यांएवढंच निघालं. मुलीने पातेलं खाली ठेवलं आणि डॉक्टरांच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, माटुंग्याला काय काय करायला लावतात?"

"तू चिडली असशील."

"चिडलेय. पण सांगा. पहिल्या दिवशी काय केलं?"

आणि तो माणूस सांगायला लागला. आधी चाचरत, मग हातवारे करून. मान कशी तपासली, मुंग्या कुठल्या बोटात यायच्या, हनुवटी आत घ्यायला सांगतात तेव्हा किती वेडगळ वाटतं. मुलगी मधेच विचारायची, हे उठून दाखवायचे. हात धुवायचे राहिले, ताट वाळलं. एका टप्प्यावर दोघंही आमच्या भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी उभी होती आणि कशाला तरी खदखदून हसत होती. मी एकटा माझ्या पानावर. ज्याची जिरवली तो माझ्याच मुलीबरोबर माझ्याच घरात एवढा मजेत असेल, तर त्या जिरवण्याचं करायचं काय, हे मला कोणीतरी सांगावं. बायकोने पडदा सरकवला. बाप्पाला आता दाखवायला हरकत नव्हती.

निघताना डॉक्टर चपला घालून दारात थांबले. अख्खे माझ्याकडे वळले. "साडूभाऊ, पोरगी चांगली होणार."

मी दाराला हात लावून थांबलो. पुढचं वाक्य येणार हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत आलं नाही असं झालं नव्हतं. त्यासाठी उत्तरही तयार ठेवलं होतं, धारदार. डॉक्टर कठड्याला धरून सावकाश जिना उतरले, खालचं दार वाजलं. वाक्य आलंच नाही. बाकी सगळं मी एखाद्या वेळी सोडून देईन, हे मात्र त्यांना माफ नाही.